सरसकट पंधरा टक्के

जेवायला सगळ्यांना बोलावलं होतं, पण भूक एकट्या शेठलाच होती.

शेठ म्हणजे आईचा मधला मुलगा. इस्पितळांच्या चादरी धुवायचा कारखाना टाकल्यापासून घरात त्याला शेठ म्हणायला लागले होते. आधी थट्टेने, आणि हे नवं घर उभं राहिल्यावर जरा दबकून. रविवारची दुपार होती. टेबलाच्या टोकाला बसून तो भातावर भाजी ओढून घेत होता आणि मधूनमधून दाराकडे बघत होता. धाकटी अजून आली नव्हती.

ताई मात्र वेळेच्या आधीच आली होती. आली ती आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि समोरची प्लेट तिने पालथी घातली.

"मी जेवायला आलेली नाही," ती म्हणाली. "मी तिला जाब विचारायला आलेय."

"विचार की. जेवून विचार," आई म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये पडायलाच तर बोलावलंय मी तुम्हाला."

पालिकेच्या त्या लहानशा प्रसूतिगृहाबद्दल या मायलेकी अशा बोलायच्या की जणू ते त्यांच्या हुंड्यातच आलं होतं. आई तिथे मेट्रन होती. तिच्यामागून काही वर्षांनी ताई मेट्रन झाली. तिन्ही मुलं जन्मली तीही तिथल्याच हिरव्या भिंतींच्या खोलीत. आता नव्या आर्थिक वर्षापासून ते रात्रीचं बंद होणार होतं. पालिकेचं अंदाजपत्रक उद्या सकाळी समितीपुढे येणार, सभासद चहा पिता पिता मान डोलावणार, आणि संपलं. ज्या टेबलावरून ही कपात निघाली होती त्या टेबलामागे ताईची सख्खी बहीण बसत होती, आणि हे काही केल्या ताईच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

धाकटी आली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, चेहरा ओढलेला. पालिकेच्या वित्त विभागात ती विश्लेषक होती, आरोग्य खात्याचं टेबल तिच्याकडे. कोणाला किती लागतं, कोण किती मागतं, कोणाला किती द्यायचं, हे दिवसभर तपासायचं आणि साहेबांना टिपण द्यायचं, हे तिचं काम.

"या, कात्रीबाई," शेठ म्हणाला. "बसा. भात घ्या. की त्यातही पंधरा टक्के कमी वाढू?"

शेठची बायको, म्हणजे वहिनी, पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिने जग जरा आपटूनच ठेवला.

"बसू का?" धाकटीने विचारलं.

"बस," ताई म्हणाली. "आणि सांग. तू मला काय म्हणाली होतीस?"

"ताई, तुला माहितीये."

"मला माहितीये. यांना माहीत नाही. याच घरात, त्या समोरच्या सोफ्यावर बसून तू मला काय म्हणालीस, ते यांना ऐकू दे."

धाकटीने बॅग मांडीवर घेतली. "मी म्हणाले होते, मागणी फुगवू नकोस. जेवढं लागतं तेवढंच माग."

"आणि?"

"आणि पुढचं मी बघते."

"बघितलंस," ताई म्हणाली. "छान बघितलंस."

हे समजायला पालिकेची रीत समजून घ्यावी लागते, आणि ती आईइतकी कोणाला ठाऊक नव्हती. दरवर्षी प्रत्येक खातं पुढच्या वर्षाची मागणी पाठवायचं आणि प्रत्येक खातं ती फुगवून पाठवायचं. मागणारा फुगवायचा, कापणाऱ्याला ते ठाऊक असायचं, आणि कापणाऱ्याला ठाऊक आहे हे मागणाऱ्यालाही ठाऊक असायचं. आई मेट्रन असताना आठ नर्सा हव्या असल्या की बारा मागायची आणि आठ मंजूर होऊन आल्या की रडवेला चेहरा करून साहेबांपुढे उभी राहायची. यात आपण काही खोटं बोलतो असं तिला जन्मात वाटलं नाही. बाजारात भाजी घेताना माणूस घासाघीस करतो, तसंच ते. ताईनेही हेच पुढे चालवलं. मग दोन वर्षांपूर्वी धाकटीला आरोग्याचं टेबल मिळालं आणि यंदा तिच्या डोक्यात सचोटीचं वारं शिरलं.

आणि त्याच वर्षी तिजोरीत खडखडाट झाला. साहेबांनी एक संध्याकाळ खर्च करून सगळ्या खात्यांना सरसकट पंधरा टक्के कपात लावून टाकली. ज्यांनी फुगवून मागितलं होतं त्यांचा फुगवटा गेला, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. मोठ्या इस्पितळाच्या डीनने तर सभागृहाला नवीन खुर्च्या मागितल्या होत्या, त्या गेल्या म्हणून तो सगळ्यांसमोर हळहळला आणि घरी जाऊन शांत झोपला. ताईकडे फुगवटाच नव्हता. तिची रात्रपाळी गेली.

"पूर्ण पालिकेत एकच मूर्ख बाई निघाली जिने खरं सांगितलं," ताई म्हणाली. "आणि ती मी. का, तर माझी बहीण टेबलावर बसलीय!"

"मला काय स्वप्न पडलं होतं साहेब असं करतील?"

"तुझं कामच आहे ते ओळखायचं!"

ताईचं बरोबर होतं. गेले तीन महिने ती रागाने नुसती धुमसत होती. साहेबांवर राग, डीनवर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. एका तरी खात्याने खरी मागणी द्यावी, मग ती सगळ्यांच्या नाकासमोर धरून म्हणता येईल की हे बघा, असं मागायचं असतं, अशी तिची हौस होती. ती हौस तिने ताईच्या जिवावर भागवली होती. हे ती स्वतःशी कबूल करत होती, पण या टेबलावर, शेठच्या तोंडासमोर, कबूल करायला तिची जीभ रेटत नव्हती.

"बरं, झालं ते झालं," आई म्हणाली. "आता काय करता येतं ते बोला."

"करता येतं ना!" ताई उसळली. "कपातीतून सूट देता येते. हिला देता येते. रुग्णवाहिकांच्या डिझेलला सूट मिळाली. लसींच्या शीतगृहाला मिळाली. टिपण कोणी लिहिलं? हिनेच! मग माझ्याच वेळी हिचं पेन वाळलं का?"

"असं आहे होय," शेठ म्हणाला. त्याने पापड मोडावा तसा आवाज करत बोटं मोडली. "परक्यांच्या गाड्यांना डिझेल आणि सख्ख्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसायची. वा! मला वाटलं होतं, साहेबांनी केलं, ही बिचारी काय करणार. तू तर आपल्या माणसांनाच तोंडघशी पाडतेस गं."

"दादा, तू यात बोलू नकोस."

"का नाही बोलणार? घर माझं आहे, बहीण माझी आहे."

"तू बोलू नकोस," धाकटी पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चढला होता.

आईने हात वर केला. "तू सांग. सूट का नाही दिलीस?"

"सूट नुसती देता येत नाही, आई. जेवढी सूट, तेवढी बचत त्याच आरोग्य खात्यात दुसरीकडे दाखवावी लागते. एकाला द्यायचं तर दुसऱ्याकडून काढायचं. डिझेलसाठी मला गॅरेजमध्ये बचत सापडली. शीतगृहासाठी जाहिरातींमध्ये सापडली."

"आणि माझ्यासाठी शोधलीच नाहीस," ताई म्हणाली.

"शोधली."

"सापडली नाही?"

इथे धाकटीने साधं नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण आकड्यांबद्दल तिला खोटं बोलता यायचं नाही. माणसांबद्दल ती वेळ पडली तर बेधडक बोलायची, आकड्यांबद्दल नाही.

"सापडली होती," ती म्हणाली.

ताई हळूहळू खुर्चीत पुढे सरकली.

"सापडली होती," तिने तेच शब्द पुन्हा म्हटले. "पुरेशी?"

"रात्रपाळी सगळी सुटेल एवढी."

"आणि तू लिहिलं नाहीस."

"नाही."

"कुठे सापडली होती?"

"ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही?" शेठने चमचा खाली ठेवला. त्याला आता भलताच चेव आला होता. "कोणाच्या बापाला घाबरतेस तू? कोण आहे तो? डीन आहे का? नगरसेवकाचा मेहुणा आहे का कोणी? नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे. पालिकेचा पैसा असा खातात हे लोक आणि आमच्या बहिणीच्या वॉर्डला कुलूप! लिही बिनधास्त. आम्ही आहोत तुझ्या पाठीशी."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. ताईने हे पाहिलं नाही, ती आईकडे बघत होती. आईने पाहिलं नाही, तिला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नव्हतं. वहिनीने पाहिलं.

वहिनी या घरातली सगळ्यात कमी बोलणारी बाई, असा सगळ्यांचा समज होता. ती बोलायची भरपूर, पण कारखान्यात. तिथे मशीनच्या आवाजात कामगारांवर ओरडून ओरडून संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा. चादरींचे ढीग, रक्ताचे डाग, पावडरीने सोललेली बोटं, हे सगळं तिच्याकडे होतं. मोटार, फोन आणि हॉटेलातल्या बैठका शेठकडे होत्या. दोन वर्षांपूर्वी त्याने कंत्राटाचा दर एकदम वाढवून मागितला तेव्हा ती म्हणाली होती, अहो, एवढ्यात तर नव्या कोऱ्या चादरी येतील. तेव्हा तो हसला होता. आज तोच माणूस दुसऱ्यांना चोर म्हणत होता, तिच्या हातचा भात खात, आणि वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो शेठ," ती म्हणाली, "तो घास आधी गिळा. मग ओरडा."

"तुला काय झालं?"

"वन्सं," वहिनी धाकटीकडे वळली, "चादरींबद्दल बोलताय ना तुम्ही?"

धाकटीने बॅग छातीशी ओढली. उत्तराची गरज उरली नव्हती. ताईने आधी वहिनीकडे, मग धाकटीकडे, मग शेठकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

"आमच्या चादरी," ती म्हणाली. "फाटक्या, ओलसर येतात त्या. त्या तुझ्याकडून येतात? तू तर खाजगी इस्पितळांचीच कामं करतोस ना? आमच्या पावतीवर तर कुठल्या तरी बाईचं नाव असतं."

"माझं माहेरचं," वहिनी म्हणाली.

"अगं, गप्प बस!" शेठ ओरडला.

"का? आता पाठीशी आहात ना तुम्ही वन्संच्या?"

शेठ उठून उभा राहिला, मग परत बसला. "हे बघा. माझा कायदेशीर काही संबंध नाही. कंत्राट हिच्या नावावर आहे. दर पालिकेने मंजूर केलाय. कोणी मंजूर केला? या मॅडमनी! विचारा तिला. दोनदा तिच्या टेबलावरून गेलंय ते."

"दोनदा," धाकटी म्हणाली. "पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं होतं. नातेवाईक असेल तर लिहून द्यायचं असतं, टेबल सोडायचं असतं. मी ते केलं नाही. दर बाजाराच्या जवळजवळ दुप्पट आहे हेही मला दिसलं. मी सही केली आणि पुढे ढकललं."

"का?" ताईने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"आई इथे राहते म्हणून. याने कर्ज काढलंय म्हणून. माझी नोकरी जाईल म्हणून. सगळंच."

"म्हणजे याला वाचवायला तू मला कापलंस."

"मला दोघांना वाचवायचं होतं. मला वाटलं काहीतरी तिसरं सापडेल."

"मला कुठे वाचवलंस? मला कुठे वाचवलंस गं? तिथे येणाऱ्या बायकांना कुठे वाचवलंस?" ताईने पालथी प्लेट उचलली आणि टेबलावर आदळली. प्लेट फुटली नाही, तिचा उगाच मोठा आवाज झाला. "खरं माग म्हणे! मला खरेपणा शिकवत होतीस तेव्हा ही चादर तुझ्या टेबलावर होतीच ना?"

होतीच. धाकटी रडली नाही. तिला रडून सुटका करून घेण्याचीही चीड आली होती.

आई इतका वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. ती म्हणाली, "हे बघा. घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. शेठ दर थोडा उतरवेल पुढच्या वर्षी. ताई, तुझं एक वर्ष कसंतरी निघेल."

ताई सावकाश आईकडे वळली. "तू हे बोलतेस?"

"मग काय करू? मुलाला तुरुंगात घालू?"

"तुझी जागा होती ती, आई! तुझ्या हाताखाली शिकले मी. रात्री-अपरात्री कोणी दार वाजवलं तर आधी आत घ्यायचं, मग नाव विचारायचं, हे तू शिकवलंस. आणि आता तू कुलूप लाव म्हणतेस?"

"माझा गुडघा कोणी बदलला?" आईही आता भडकली. "तू बदललास? तुझ्या पगारात? दोन खोल्यांत राहतेस तू, मला कुठे ठेवणार होतीस, पलंगाखाली? याने केलं सगळं माझं. मी याच्याविरुद्ध तोंड उघडू? अशी कृतघ्न नाही मी!"

"बरोबर, आई," शेठ पटकन म्हणाला.

"तू गप्प बस!" आई त्याच्यावर कडाडली. "तू केलंस म्हणून मी बोलतेय. तू काय करून केलंस ते मला आत्ता कळतंय."

मग आईने ताईला विचारलं, अगदी साध्या, कामाच्या आवाजात, जसं पाळी बदलताना एक नर्स दुसरीला विचारते: "रात्रीची येणारी बाई कुठे पाठवायची म्हणतात?"

"मोठ्या इस्पितळात."

"नदीपलीकडे?"

"नदीपलीकडे."

"पहिलटकरीण असली तर पोचेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळची नाही पोचायची," आई म्हणाली. "पुलावर होणार. आणि रात्रीच्याच जास्त असतात ना अजून?"

"निम्म्याच्या वर."

आईने डोळे मिटले. टॅक्सीच्या मागच्या सीटवर, ट्रकच्या केबिनमध्ये, एकदा तर प्रसूतिगृहाच्या पायरीवर तिने पोरं हातात घेतली होती. त्यातली सगळी जगली नव्हती. हे तिने मुलांना कधी सांगितलं नव्हतं. ज्याने तिला हा गुडघा दिला त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं. तिला त्याचा राग आला, आणि आपण आपल्याच मुलाच्या पैशावर चालतो याचा त्याहून जास्त आला.

"लाव फोन," ती धाकटीला म्हणाली.

"कोणाला?"

"तुझ्या साहेबाला. कोणाला म्हणजे?"

"आई, डोकं फिरलंय का तुझं?" शेठ म्हणाला. "हिची नोकरी जाईल! माझा कारखाना जाईल! पंधरा-वीस माणसं आहेत कामाला!"

"माणसांची काळजी तुम्हाला कधीपासून लागली?" वहिनी म्हणाली. "पगार मी वाटते."

धाकटीने फोन काढला. तिने तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. साहेब घरी होते, मागे कुठेतरी पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं, एका दमात, ऑफिसातल्या टिपणासारखं. प्रसूतिगृहाच्या रात्रपाळीला सूट हवी. बचत धुलाईच्या कंत्राटात आहे. कंत्राट ज्या बाईच्या नावावर आहे ती माझी वहिनी. मला माहीत होतं. मी लपवलं.

पाइपचा आवाज थांबला.

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"हो, सर."

"मी हे ऐकलंच नाही असं समजू या. उद्या समितीत गप्प बसा. पुढच्या वर्षी कंत्राट शांतपणे बदलून टाकू."

"पुढच्या वर्षापर्यंत बायका थांबणार नाहीत, सर."

"मला शिकवू नका!" साहेबांचाही तोल गेला. "सरसकट कपात ही आळशी माणसाची कपात असते, हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? चार दिवस दिले होते मला. चार! प्रत्येक जण फुगवतो, मग मी कोणाचं खरं मानायचं? त्यातून एक खरं निघालं, आणि ज्यांनी ते मला ओरडून सांगायचं त्या तुम्ही तोंड शिवून बसलात!"

ताईने मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या माणसाचं म्हणणं पटलं होतं.

"उद्या तुम्ही येऊ नका," साहेब म्हणाले. "ओळखपत्र गेटवर जमा करा. तुमची चौकशी लागेल, त्यात माझा इलाज नाही. आणि कंत्राटाची चौकशी लावली तर वर्ष जाईल, तोवर ती बचत मला धरता येत नाही. एकच रस्ता आहे. कंत्राटदाराने आपणहून दर खाली आणल्याचं लेखी, सहीनिशी, समिती बसायच्या आत माझ्या टेबलावर हवं. आलं, तर सूट मी स्वतः मांडतो. नाही आलं, तर ती रात्रपाळी विसरा." आणि त्यांनी फोन ठेवला.

शेठ मोठ्याने हसला. त्या हसण्यात मजा अजिबात नव्हती.

"आपणहून!" तो म्हणाला. "ऐकलंत? आपणहून! मग झालं तर. आपणहून कोणी काही करत नाहीये. गेली तुझी नोकरी फुकट, कात्रीबाई. आता उठा. तू ऊठ, आणि ताई, तूही ऊठ. माझ्या घरात बसून माझं खाऊन माझ्याच गळ्यावर सुरी ठेवता? चालत्या व्हा! आईला राहायचं असेल तर राहील, नाहीतर तिनेही बघावं."

धाकटी उठली. ताई उठली. आईने काठी शोधायला हात लांब केला आणि तिला ती सापडेना.

"बसा," वहिनी म्हणाली.

"मी त्यांना जा म्हटलंय," शेठ म्हणाला.

"ऐकलं मी. पण घर माझ्या नावावर आहे. कारखाना माझ्या नावावर आहे, कर्ज माझ्या नावावर आहे. सगळी तुमचीच अक्कल. काही लफडं झालं तर हिच्यावर ढकलू, असा हिशोब होता ना? मग झालं लफडं. बसा वन्सं, बसा ताई."

"तू सही करणार नाहीस."

"मीच करणार. दुसरं कोण करणार, तुम्ही? तुमचा कायदेशीर संबंध नाही ना काही?"

शेठने गाडीची किल्ली उचलली, दार आपटलं, आणि बाहेर बराच वेळ इंजिन नुसतंच चालू राहिलं. त्याला कुठे जायचं हे सुचत नसावं.

वहिनीने टेबलावरची भांडी एका बाजूला सारली, ओला हात पदराला पुसला आणि कागद घेऊन बसली. "सांगा. काय लिहायचं?"

"खरा दर आधी ठरवावा लागेल," धाकटी म्हणाली. "चादरीमागे किती पडतं?"

वहिनीने सांगितलं. क्षणभरही विचार न करता. धाकटीने मनात हिशोब केला आणि रात्रपाळी सुटत होती, थोडंफार वरही राहत होतं.

"लिही," ती म्हणाली. "आम्ही स्वखुशीने..."

वहिनीने पेन थांबवलं. "स्वखुशीने कशाला? मला कुठे खुशी झालीय? संतापाने असं लिहिलं तर चालतं का तुमच्याकडे?"

"नाही चालत, वहिनी."

"मग असल्या शब्दांवरच चालतं तुमचं सगळं," वहिनी म्हणाली, आणि तिने स्वखुशीने लिहिलं. सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या टेबलक्लॉथवर ती उमटली.

ताईने कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "सकाळी मी स्वतः नेऊन देईन. याच्या त्याच्या हातात नाही." मग ती धाकटीसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे अजून पेटलेलेच होते.

"उद्या गेटवर ओळखपत्र द्यायला मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "एकटी जाऊ नकोस. पण एक लक्षात ठेव, माझा राग गेलेला नाही. कदाचित कधीच जाणार नाही."

"माझाही नाही," धाकटी म्हणाली.

"कोणावर?"

धाकटीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर गाडीचं इंजिन अजून चालूच होतं, आणि आई, काठी हातात घेऊन, खिडकीच्या काचेवर ती ठोकत ओरडत होती, "अरे, पेट्रोल जळतंय! आत ये आणि तो भात संपव!"